अनुभव धागा : पालिकेचा गेलेला पैसा परत आला का?

दिवेलागण

पालिकेत खातात हे सांगायला धागा नको, ते टपरीवर चहासोबत कळतं. तुम्ही स्वतः एखाद्या कामाचा, बिलाचा, खरेदीचा पिच्छा पुरवला असेल तर त्याबद्दल लिहा. कोणता कागद मागितला, कोण आडवं आलं, आणि शेवटी तिजोरीत एक रुपया तरी परत आला का? "चौकशी समिती नेमली" आणि "अमुक निलंबित" ही माझ्या लेखी उत्तरं नाहीत. निलंबित माणूस काही महिन्यांत त्याच खुर्चीवर दिसतो.

आत्ता विचारायचं कारण असं की २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिका कैक वर्षं नगरसेवकांविना, सरकारने नेमलेल्या प्रशासकांच्या ताब्यात होत्या, काही तर २०२० पासूनच. खर्च मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच. त्या काळाचे हिशेब आता कुठे बाहेर निघतील.

आपल्या गावातल्या माणसांची, कंपन्यांची नावं लिहू नका. कोर्टात निकाल लागलेली प्रकरणं चालतील.

चिंचबन

आमची 'ब' वर्ग नगरपालिका. गल्लीतले पेव्हर ब्लॉक धड होते, तरी उखडून नवे बसवले. पहिल्याच पावसाळ्यात दुधाच्या टेम्पोखाली ते फुटायला लागले. एक तुकडा घरी आणून शिवणाच्या टेपने मोजला, जाडी भरली सहा सेंटिमीटर. गाड्यांच्या रस्त्याला आठचा लागतो, हे भावाने सांगितलं. तो सेंट्रिंगची कामं घेतो.

माहिती अधिकारात अर्ज टाकला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. हे पाळा, नाहीतर तेवढ्यावरच अर्ज परत येतो. अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक यांच्या प्रती मागितल्या. "निकृष्ट काम का केलं" असं विचारू नका. "का"ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला आहेत.

उत्तर आलं, "सदर नस्ती शोध घेऊनही आढळून आली नाही." नस्ती म्हणजे फाईल. पहिलं अपील केलं. सुनावणीला साहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या दारासमोरचं काम नीट करून देतो की." चहा घेतला. मग म्हटलं, "साहेब, नस्ती हरवली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ खाली गुन्हा नोंदवा, पाच वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. नोंदवल्याची प्रत तेवढी मला द्या." थोड्याच दिवसांत नस्ती सापडली. बांधकाम विभागातच होती, दुसऱ्या कपाटात!

खरी गंमत मोजमाप पुस्तिकेत. ब्लॉकची जाडी ८० मिमी लिहिलेली. खाली खडी, मुरूम, वाळू, सगळ्याचे घनमीटर अगदी दशांशात. लांबी मारुतीच्या पारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत धरलेली, आणि ब्लॉक तर मधल्या किराणा दुकानापाशीच संपतात. पुढे अजून जुनंच डांबर आहे. उखडलेले जुने ब्लॉक अंदाजपत्रकाप्रमाणे पालिकेच्या भांडारात जमा व्हायला हवे होते. भांडाराच्या वहीत एकाचीही नोंद नाही. ते कोणाच्या फार्महाऊसच्या अंगणात बसलेत हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

कायद्यात नुसते कागदच नाहीत, साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे. नमुना तंत्रनिकेतनच्या प्रयोगशाळेत तपासून घेतला, नापास झाला. तो अहवाल आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेत तक्रार दिली.

दिवेलागण, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, थोडे आले. काम अजून दोष दायित्व कालावधीत (काम बिघडलं तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) होतं आणि कंत्राटदाराची अनामत पालिकेकडे होती, म्हणून. जादा दाखवलेल्या लांबीचे पैसे त्याच्या पुढच्या बिलातून कापले आणि अर्धा रस्ता त्याने पदरच्या पैशाने पुन्हा केला. अनामत एकदा परत गेली की मग कितीही पुरावे आणा, कंत्राटदार फोनसुद्धा उचलत नाही. त्यामुळे घाई करायची ती इथे. कनिष्ठ अभियंत्याची बदली झाली. वरच्या दोघांच्याही सह्या होत्या, ते तिथेच आहेत.

गवंडीदादा

ताई, दुसरी बाजूपण ऐका. मी छोटा ठेकेदार. अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस-तीस टक्के कमी दराने निविदा भरली तरच काम मिळतं. त्यातून टेबलाटेबलाची टक्केवारी, वर बिल वर्ष-दीड वर्ष अडकलेलं. मग ८० चा ब्लॉक कुठून बसवणार? एवढ्या कमी दरात काम होणार नाही हे इंजिनिअरला निविदा उघडतानाच कळतं. तिथे कोणी विचारत नाही, ब्लॉक फुटल्यावर विचारतात. मी आता फक्त खाजगी कामं करतो.

चिंचबन

@गवंडीदादा, पटलं. निविदांचा तुलनात्मक तक्ता पण मागायला हवा होता, पुढच्या वेळी मागेन.

पायरीवरची

मी एका नगरपालिकेत एक टर्म नगरसेविका होते. लोकांना वाटतं पैसा टेंडरमध्ये जातो. आमच्याकडे तो "ऐनवेळच्या विषयात" जायचा. सभेची विषयपत्रिका घरी येते, त्यात नळजोडण्या, जयंतीचा खर्च, असलं काहीबाही. सभेत शेवटी नगराध्यक्ष म्हणणार, "ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने." कोणीतरी सूचक, कोणीतरी अनुमोदक, "मंजूर, मंजूर," राष्ट्रगीत, वडापाव. आणि नंतर इतिवृत्त हातात आलं की त्यात आपण कधी ऐकलेच नाहीत असे ठराव.

एकदा त्यात एलईडी दिव्यांची खरेदी निघाली. एकच खरेदी, पण प्रभागवार तुकडे पाडलेले. ई-निविदेची मर्यादा तेव्हा ३ लाखांची होती आणि प्रत्येक तुकडा बरोब्बर तिच्या खाली! त्याच वॅटचा दिवा बाजारात निम्म्याहून कमी दरात मिळत होता. दुकानदारांची लेखी दरपत्रकं आणली, मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी विरोध नोंदवून पोच घेतली आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली अर्ज केला. या कलमाने जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. थांबवली. खरेदी झालीच नाही, म्हणजे पैसा गेलाच नाही, परत आणायचा प्रश्नच नव्हता. महापालिकांत हाच अधिकार राज्य सरकारकडे आहे, महापालिका अधिनियमाचं कलम ४५१.

त्यानंतर माझ्याच पक्षाने मला तिकीट दिलं नाही. असो.

नाव_नको

मी गाळ्यांच्या लिलावाबद्दल अर्ज केला होता. आमचं दुकान पालिकेच्याच गाळ्यात. कराराचं नूतनीकरण अडकलं. वडील म्हणाले, अर्ज मागे घे. घेतला. नूतनीकरण झालं. एवढाच अनुभव.

तांबडीशाई

पालिकांचे हिशेब तपासणाऱ्या स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागात नोकरी झाली, आता निवृत्त. या धाग्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी : तुम्ही जी चोरी शोधायला महिनोन् महिने धडपडता, ती बहुतेक वेळा आमच्या अहवालात आधीच लिहिलेली असते. कोणी वाचत नाही.

आम्ही तपासणीत प्रश्न काढतो तो अर्धसमास पत्राने. पानाच्या एका बाजूला आमचा आक्षेप, दुसरी बाजू पालिकेच्या उत्तरासाठी कोरी. ती बहुधा कोरीच राहते, नाहीतर "अनुपालन करण्यात येईल" एवढं लिहून येते. मग तो आक्षेप परिच्छेद म्हणून अहवालात जातो. अहवालात रकमांचे दोन रकाने पाहा. कागदपत्रं दाखवलीच नाहीत, मंजुरी जोडली नाही, असलं सगळं "आक्षेपाधीन" मध्ये जातं. तो आकडा कोटींत असतो आणि पेपरात त्याचीच बातमी होते. पण कागद दाखवले की तो विरघळतो. तुम्ही "वसूलपात्र" पाहा. जादा दिलेले पैसे, न कापलेला दंड, दोनदा दिलेलं बिल हे तिथे असतं, आणि ते कुणाकडून तरी घ्यायचंच असतं.

स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या १९३० च्या कायद्यात भार-अधिभार नावाचं हत्यारही आहे. बेकायदा दिलेली रक्कम ज्याच्या सहीने गेली त्याच्याच अंगावर टाकता येते. माझ्या अख्ख्या नोकरीत ते चाललेलं फार क्वचित पाहिलं. प्रकरण तयार करेपर्यंत साहेब निवृत्त होतात आणि निवृत्तिवेतनाला हात लावायचं धाडस कोणी करत नाही.

म्हणून अर्जात मागा : गेल्या पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, प्रलंबित परिच्छेदांची यादी, आणि वसूलपात्र रकमेपैकी किती वसूल झाली त्याची नोंदवही. तिसरं मागितलं की लेखापालाच्या कपाळाला घाम येतो.

उन्हाळी

काका, हे आधी माहीत असतं तर! आमच्या सोसायटीला उन्हाळाभर पालिकेचा टँकर यायचा. खेपांच्या नोंदी मागवल्या तर रोज दोन खेपा, दहा हजार लिटरचा टँकर, खाली आमच्या सेक्रेटरींची सही. सेक्रेटरी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी होते. आणि टँकर मुळात सहा हजारांचा, त्याच्या पाठीवरच रंगवलेलं होतं. वॉचमनने फोटो काढून ठेवला होता, देव त्याचं भलं करो. आसपासच्या सोसायट्यांनी मिळून प्रतिज्ञापत्रं दिली. त्या महिन्यांच्या बिलात कपात झाली. किती, ते विचारायला परत अर्ज केलाय.

लोकलगर्दी

दिवेलागण, सगळं प्रशासकांवर ढकलू नका. कॅगने मुंबई महापालिकेची २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातली सुमारे १२ हजार कोटींची कामं तपासली, अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत आला. २० कामं, २१४ कोटींची, निविदा न काढताच दिलेली. ६४ कामांत, सुमारे ४,७५५ कोटींची, कंत्राटदाराशी करारच केलेला नाही. या काळात मार्च २०२२ पर्यंत सभागृह होतं, स्थायी समिती होती, विरोधी पक्षनेताही होता. आणि कोविडखर्चाचे कागद तर महापालिकेने कॅगलाही दिले नाहीत, साथरोग कायदा पुढे केला. तिथे तुमच्या-आमच्या १० रुपयांच्या स्टँपचं काय!

केळीचंपान

जळगावचा. आमचं घरकुल प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, पण ते या धाग्याच्या प्रश्नाने पाहा. नव्वदच्या दशकात तेव्हाच्या नगरपालिकेने हजारो घरकुलांची योजना काढली, हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीकडून कर्ज काढलं, कंत्राटदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कम दिली. घरं पुरी झाली नाहीत. २००६ साली तेव्हाच्या आयुक्तांनी स्वतः पोलिसांत फिर्याद दिली, २९ कोटींच्या वर अपहाराची. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं, त्यात माजी मंत्री, माजी नगराध्यक्ष, नगरसेवक. मुख्य आरोपीला ७ वर्षं आणि १०० कोटी दंड. पुढे अपिलं झाली, शिक्षांना स्थगिती मिळाली.

देशात नगरसेवकांच्या एवढ्या मोठ्या घोळक्याला एकदम शिक्षा झाल्याचं उदाहरण शोधून दाखवा. पण हुडकोचं कर्ज? ते गावाच्या मानगुटीवर बसलं. महापालिकेची बँक खाती गोठली, पगाराची बोंब, रस्त्यांना पैसे नाहीत. ते खड्डे आम्ही वर्षानुवर्षं चुकवले. शिक्षा सुनावली गेली आणि वसुली मात्र आमच्याकडून झाली, असं मी तरी म्हणतो.

अबोली

गोव्यातून. आमच्याकडे बाजारात बसणाऱ्यांकडून पालिका रोजचा सोपो (बाजारात बसायचा कर) घेते, वसुली बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराकडे. माझी मावशी भाजी आणि वळेसर (फुलांचे गजरे) विकते. पावतीवर छापलेली रक्कम एक, माणूस घेणार दुप्पट, आणि पावती मागितली तर "कित्याक जाय गो?" (कशाला हवी गं?) मावशीने पावत्या बिस्किटांच्या डब्यात साठवल्या आणि मागे पेन्सिलीने खरी दिलेली रक्कम लिहिली. शेजारच्या बायकांनीही तेच केलं. तो डबा घेऊन सगळ्याजणी थेट चेअरपर्सनच्या केबिनमध्ये. पालिकेने काही काळ वसुली स्वतःच्या माणसांकडे घेतली, उत्पन्न वाढलं. नंतर परत ठेका निघाला. यंदा मावशीने नवा डबा केलाय.

एडिसनकर

न्यू जर्सीतून थोडं. इथेही भानगडी होतात, नगराध्यक्ष तुरुंगात जातात. पण दोन गोष्टी आपल्याकडे हव्यात. दरवर्षीच्या लेखापरीक्षणाचा गोषवारा लोकांसाठी जाहीर करावाच लागतो, आणि गव्हर्निंग बॉडीच्या प्रत्येक सदस्याला "लेखापरीक्षकाच्या शिफारशी मी वाचल्या" असं प्रतिज्ञापत्र सही करून द्यावं लागतं. नंतर "मला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय नाही. कागद मागितले तर कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

तांबडीशाई

@एडिसनकर, आमचे परिच्छेद नगरसेवकांनी सही करून वाचायचे? मी परत नोकरीला येतो!

साधाप्रश्न

आमच्या प्रभागातल्या बागेवर दरवर्षी देखभालीचा खर्च पडतो आणि बागेला गेली कित्येक वर्षं कुलूप आहे. सुरुवात कुठून करू? अर्ज लिहायची थोडी भीती वाटते.

चिंचबन

आधी अर्ज करूच नका. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात पालिकांमध्ये नागरिकांना नस्त्या पाहू द्यायच्या असतात. पुणे महापालिकेने हे आधीच सुरू केलं होतं, २०१८ मध्ये शासन निर्णय निघाला. उद्यान विभागात जा, देखभालीची नस्ती मागा. माळ्यांची हजेरी, पाण्याचं बिल आणि देयकावर "काम समाधानकारक" म्हणून कोणाची सही आहे ते पाहा. बाग बंद आणि माळी हजर असेल तर त्या पानांचे क्रमांक लिहून आणा, मग नेमक्या तेवढ्याच पानांचा अर्ज. पानाला २ रुपये पडतात. प्रत साक्षांकितच घ्या. मोबाइलवर काढलेल्या फोटोला सुनावणीत कोणी विचारत नाही. आणि कुणाला तरी सोबत न्या, एकट्या बाईला ते तासभर बाकावर बसवून ठेवतात.

साधाप्रश्न

मी पुरुष आहे :)

चिंचबन

मग दोन तास बसवतील. डबा घेऊन जा.