सुचत नसेल तेव्हा वृत्तात ओळी पाडाव्यात का?

लगागा:
गेल्या दिवाळीपासून एकही कविता झालेली नाही. वही उघडायची, तारीख टाकायची, मिटायची. शेवटी वैतागून ठरवलं, सुचो न सुचो, रोज भुजंगप्रयातात एक ओळ लिहायची. 'मनाचे श्लोक' ज्यात आहेत तेच वृत्त: लगागा (ल म्हणजे लघु, आखूड अक्षर; गा म्हणजे गुरू, लांब अक्षर) चार वेळा, बारा अक्षरं. अर्थाची जबाबदारी नाही. पहिले आठ दिवस निव्वळ भंगार. नवव्या दिवशी खिडकीच्या चौकटीकडे बघत बसलो होतो, तर हे आलं:

उन्हाच्या कडेने निघे एक मुंगी

माझं म्हणणं, आपण 'सुचत नाही' म्हणतो तेव्हा बहुतेकदा 'चांगलं सुचत नाही' एवढंच असतं. लघु-गुरू मोजण्यात डोकं गुंतलं की ती धास्ती बाजूला पडते. पटतंय का?

कोरा कागद:
नाही पटत. हे सुतारकाम झालं. 'निघे' म्हणे! घरात कुणी बोलतं का असं? वृत्ताने तुमच्या तोंडी पणजोबांची भाषा घातली. पुढे जागा भरायला 'रे' येईल, मग 'गं' येईल. सुचत नसेल तर गप्प बसावं. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ चा, पुढचे थेट २००३-०४ मधले. काही बिघडलं का?

वाचनवेडी:
कोलटकर गप्प होते ते छापण्यापुरते. 'भिजकी वही'ची जाडी बघा, एका पावसाळ्यात लिहून होणारं काम आहे का ते? उदाहरण तुमच्याच अंगावर आलं.

खानदेशी:
बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे कोऱ्या कागदाची भानगडच नाही. (कोरा कागद, तुम्हाला उद्देशून नाही हो!) हात जात्यावर, लय हातात, शब्द त्या लयीवर. मुलामुळे, सोपानदेवांमुळे, १९५२ ला पुस्तक तरी झालं. माझी आजी दळताना गायची. ओवीत अडली की तीच ओळ पुन्हा म्हणायची, मूठभर दाणे वैरायची, जातं थांबू द्यायची नाही. दोन-तीन फेऱ्यांत पुढची ओळ यायचीच.

कोरा कागद:
त्यांची लय रोजच्या कामातली होती, तुम्ही रामदासांची उसनी आणताय. माझा लयीला विरोध नाही, रतिबाला आहे. मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणं सांगतात, एकात तर ओष्ठ्य वर्णच (प, ब, म असे ओठ जुळवून म्हणायचे) नाहीत. कसरत थक्क करणारी. पण आपल्यापैकी वाचलंय कुणी? लोकांच्या तोंडी राहिली ती 'केकावली'.

वाचनवेडी:
आणि 'केकावली' पृथ्वी वृत्तात आहे, साहेब.

दुपार:
तुमचं भांडण चालू द्या. 'निघालीय मुंगी' करा. नि-घा-ली, य-मुं-गी. लगागा लगागा. वृत्तात बसलं आणि घरातलंही झालं.

लगागा:
अरे वा! 'एक' मध्ये अडकून बसलो होतो, तो काढता येईल हे डोक्यातच आलं नाही.

कोरा कागद:
बघा, वृत्ताने 'निघे' दिलं, कानाने 'निघालीय'. माझाच मुद्दा.

दुपार:
कान कशावर लावला होता पण? लगागावरच ना.

कोरा कागद:
बरं, ओळ वाईट नाही, कबूल. पण मुंगीला यमक काय लावणार? पुंगी की लुंगी?

लगागा:
बारा दिवसांनी परत येतोय. मधल्या ओळी दाखवण्यासारख्या नाहीत, दोन तर लुंगीच्याच होत्या. आज सकाळी:

उन्हाच्या कडेने निघालीय मुंगी
तिची ओळ गेली कधीचीच मागे

यमक नाही. मोजत असताना आली की मोजणं सोडल्यावर, खरंच सांगता येणार नाही. चहा गाळत होतो.

कोरा कागद:
यमक नकोच. तिसरी ओळ मात्र उद्याच्या उद्या पाडू नका.