मदत हवी आहे: वॉर्डातल्या वयस्क रुग्णांची उभारी सेन्सरने कशी मोजावी?

फिजिओ_यवतमाळ:
नमस्कार मंडळी. ग्रामीण रुग्णालयात न्यूमोनिया किंवा हार्ट फेल्युअरने भरती झालेले ६५ वर्षांवरचे रुग्ण आहेत. कोण किती लवकर उभारी धरतो हे भरती असतानाच मोजायचं आहे, म्हणजे सुट्टीनंतर कोणाच्या घरी आधी फेरी करायची ते ठरवता येईल. मनगटी पट्टा वापरला तर आजी वॉकर धरून संडासापर्यंत जाऊन येतात तरी पावलं शून्य. सेन्सर कुठे लावू? आकड्यांतून काय काढू? वॉर्डात नेटचा भरवसा नाही.

वैनगंगा:
भाऊ, वॉकर धरला की मनगट झुलत नाही, आणि पाय घासत चालणाऱ्याचा हिसका पट्ट्याला पाऊल म्हणून मोजण्याइतका मोठा नसतो. पावलं हवीच असतील तर घोट्यावर लावा. पण तुमच्या कामाला मांडी बरी: समोरून, मधोमध, आतच नोंद साठवणारा त्रिअक्षीय अ‍ॅक्सेलरोमीटर (तिन्ही दिशांची हालचाल आणि कल मोजणारा सेन्सर), ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५० नोंदी पुरे. मांडी उभ्या रेषेच्या ४५ अंशांच्या आत असेल ती मिनिटं 'उभं' धरा. बसणं आणि निजणं यातून वेगळं होत नाही, दोन्हीत मांडी आडवीच. ते हवं असेल तर छातीवर दुसरा सेन्सर लागेल.

सेन्सर हातमोज्याच्या कापलेल्या बोटात घालून वरून पारदर्शक फिल्म ड्रेसिंग लावा. सेन्सरवरचा बाण कमरेकडे, नाहीतर आकड्यांची अधिक-उणे चिन्हं उलटी येतात. खुबा मोडलेला असेल तर चांगल्या पायाला. उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते, खाली घामोळं येतं, म्हणून कातडी रोज पाहा.

एक मोठी अडचण आपल्याकडची. सेन्सर काढून ठेवला हे ओळखायला काही प्रोग्राम तापमान घसरलं का ते बघतात. मे महिन्यात वॉर्डच अंगाइतका तापतो, घसरण दिसतच नाही. निव्वळ हालचालीवर जावं, तर निपचित झोपलेला रुग्णही 'काढलेला' ठरतो. खाटेला कागद टांगा: लावला, काढला, एक्स-रे, अंघोळ, सगळं वेळेसकट.

वर्धाकाठ:
वैनगंगाताईंनी जागा बरोबर सांगितली. पण उभं राहण्याची मिनिटं म्हणजे उभारी नव्हे. आजाराने माणूस किती खाली गेला आणि किती वेगाने वर येतोय, ती उभारी. त्यामुळे भरतीच्या दिवशीच घरच्यांना विचारा: दोन आठवड्यांपूर्वी बाबा स्वतः अंघोळ करत होते का, वावरात जात होते का? मग रोजची मिनिटं मांडून चढ बघा.

जोडीला रोज सकाळी छोटा ताण द्या. ५ मिनिटं निजवून रक्तदाब आणि नाडी घ्या, उभं करा, १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर नोंदवा. चक्कर आली की लगेच बसवा.

आणि सलाईन, कॅथेटर, ओली फरशी, खाटेजवळ खुर्ची नसणं, हेही त्याच कागदावर लिहा. नाहीतर वॉर्डाची अडचण रुग्णाच्या खात्यावर कमजोरी म्हणून चढते. हा अन्याय फार सहज होतो.

फिजिओ_यवतमाळ:
नाडीच्या ऑटोकोरिलेशनबद्दल (आताची नाडी आधीच्या नाडीशी किती जुळते ते) वाचलं होतं. बीटा-ब्लॉकरवाल्यांचं, म्हणजे नाडी मंद करणारी गोळी घेणाऱ्यांचं काय?

वर्धाकाठ:
बीटा-ब्लॉकर, पेसमेकर किंवा एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) असेल तर नाडीवरून निष्कर्ष काढू नका, मिनिटं आणि रक्तदाब घ्या. बाकीच्यांत दिवसाला एक असे पाच-सहा बिंदू ऑटोकोरिलेशनला पुरत नाहीत. मिनिटागणिक नोंद लागते, आणि त्यातून राउंड, जेवण, भेटीची वेळ यांचा रोजचा चढउतार आधी वजा करावा लागतो.