'अनडॉक्युमेंटेड' मुलांना मराठीत काय म्हणायचं? आणि खर्च की बोजा?

केतकी_डॅलस
आमच्या मंडळाच्या अंकासाठी टेक्सासच्या शाळांच्या बजेटवरचा एक लेख मराठीत करतेय आणि एकाच वाक्यावर दोन दिवस अडलेय. विषय असा की ज्यांच्याकडे इथे राहायचे कागद नाहीत त्या मुलांच्या शाळेवर जनतेचा किती पैसा जातो. मी लिहिलं, 'बेकायदेशीर विद्यार्थ्यांचा सरकारी बोजा'. सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, अगं सहा वर्षांचं लेकरू बेकायदेशीर कसं असेल? तेव्हापासून तो शब्द खुपतोय. काय लिहू?

अनुस्वार
सासूबाईंचं बरोबर आहे. बांधकाम बेकायदेशीर असतं, वाळूउपसा बेकायदेशीर असतो, माणूस नाही. 'अनभिलेखित' लिहा.

वाईकर_नाना
अनभिलेखित कोणाला कळणार हो? सरळ 'बिनकागदाची मुलं' म्हणा.

अनुस्वार
नाना, कागद फारसी, दस्तऐवज फारसी. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी?

वाईकर_नाना
करून घेतला, मोठंच काम ते, तरी कागद कागदच राहिला ना! शेकडो वर्षं जो शब्द आपल्या आज्यांच्या तोंडात आहे तो परका कसा?

प्लॅनोकर
शब्द काहीही घ्या पण 'बोजा' काढू नका. माझी घरपट्टी किती वाढलीय ते मला माहीत आहे आणि त्यातला मोठा वाटा शाळेला जातो. आम्ही रीतसर आलो, ग्रीनकार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे आहोत, आमची मुलं एकवीसची झाली की एच-फोरमधून, म्हणजे आमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसातून, बाहेर पडतात, त्यांच्याबद्दल कोणी चर्चा करत नाही.

केतकी_डॅलस
दादा, त्या रांगेचं दुःख आमच्याही घरात आहे. पण घरपट्टी तेही भरतात, घरमालक भाड्यातूनच वसूल करतो ना. इथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, शाळा मुख्यतः घरपट्टी आणि राज्याच्या पैशावर चालते, केंद्राचा हिस्सा दहा टक्क्यांच्या आसपास. आणि हा वाद जुना आहे. 1975 मध्ये टेक्सासने कायदा केला की अशा मुलांसाठी राज्याचा पैसा मिळणार नाही. 1977 मध्ये टायलर गावच्या शाळांनी त्यांच्याकडून वर्षाला 1,000 डॉलर फी मागितली. 1982 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने कायदा रद्द केला. निकालात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं की आईबापांच्या करणीची शिक्षा मुलांना नको, आणि ही मुलं बाहेर काढून शिक्षण सुधारेल हे राज्याला दाखवता आलेलं नाही.

प्लॅनोकर
5 विरुद्ध 4 म्हणजे चार जणांना पटलं नव्हतं. नेमका आकडा सांगा ना मग.

केतकी_डॅलस
कसा सांगू, शाळा विचारतच नाही. ऑगस्टमध्ये मी ॲडमिशनच्या टेबलावर मदतीला बसते. पत्त्याचा पुरावा, लसीकरणाचं कार्ड, जन्मदाखला एवढंच बघायचं. मागच्या वर्षी एक आई लाइटबिल घेऊन आली, घडी घालून घालून मधोमध फाटलेलं, नाव घरमालकाचं. मुलगा टेबलाची कड धरून उभा. मी व्हिसा विचारला नाही, विचारायचाच नसतो. त्यामुळे जे आकडे फिरतात ते अंदाज, एका मुलामागचा सरासरी खर्च गुणिले मुलं. आता एक मूल वर्गात वाढलं म्हणून लगेच नवा शिक्षक लागत नाही, पण इंग्रजी न येणारी पंधरा आली तर नक्की लागतो. हे दोन्ही खरं आहे, म्हणून तर शब्द नेमका हवाय.

बांधावरून
ताई, 'बोजा' शब्दाला तुम्ही उगाच घाबरताय. आमच्याकडे सोसायटीचं कर्ज काढलं की सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो आणि कर्ज फेडलं की उतरतो. म्हणजे बोजा हा फिटणारा. पोरगं शिकलं, कमवायला लागलं, कर भरला, फिटला. आहे तस्साच ठेवा.

अनुस्वार
शहरातला वाचक सातबारा डोळ्यापुढे आणणार नाही, त्याला फक्त पाठीवरचं ओझं दिसेल. 'खर्च' लिहा. आणि 'सरकारी'ऐवजी 'जनतेच्या पैशातून'.

बांधावरून
शहराने ठरवायचं का मग भाषेचं? बरं, बिनकागदाची म्हणता, आमच्याकडे 'बिनदाखल्याची' म्हणतात. दिवाळीनंतर बीडकडनं ऊसतोडीचे कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी, येतात, पोरं बरोबर, गावच्या शाळेतनं दाखला काढलेला नसतो. मी चौथीत होतो तेव्हा असा एक पोरगा आठ दिवस वर्गाच्या दाराबाहेर बसून पाढे म्हणायचा, आमच्यापेक्षा मोठ्या आवाजात. शेवटी बाईंनीच आत घेतला. आता 2009 च्या कायद्याने वयाचा पुरावा नाही म्हणून कोणाला परत पाठवता येत नाही.

वाईकर_नाना
वा! दाखल आणि दाखला एकाच अरबी मुळाचे, अर्थ आत येणे. ज्याला दाखला नाही त्याला आत येणं नाही, शब्दातच बसलंय बघा. केतकी, हाच घे.

प्लॅनोकर
देशातल्या देशात फिरणारा ऊसतोड कामगार आणि सीमा ओलांडून आलेला माणूस एका शब्दात बसवू नका, हे मला अजिबात मान्य नाही.

केतकी_डॅलस
बिनदाखल्याची कानाला फार गोड आहे पण इथल्या आईकडे मुलाचा जन्मदाखला असतो हो, नसतो तो राहायचा कागद. अंक शुक्रवारी छपाईला जातोय.

अनुस्वार
विदर्भात दाखल्याला सगळे टीसी म्हणतात, तिकडचे वाचक काय समजतील?

बांधावरून
टीसी म्हणजे रेल्वेचा. दाखलाच.