कार्बन रिपोर्टमधला आकडा तपासायचा कसा? (बडोदा, मकरपुरा)

भट्टीवाला_मकरपुरा
नमस्कार मंडळी. जीआयडीसीत (गुजरातची औद्योगिक वसाहत) आमचं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे पोलादाचे भाग भट्टीत तापवून कडक करायचं, छोटं युनिट आहे, सगळं जॉबवर्क. आमची एक पार्टी युरोपला बोल्ट पाठवते. त्यांनी यंदा कार्बनचा रिपोर्ट मागितला, म्हणून कन्सल्टंट लावला. २८ पानं आली, पहिल्याच पानावर '५७९ टन' कार्बन डायऑक्साइड. वीज ४,२०,००० युनिट, पीएनजी (पाइपचा गॅस) १,२०,००० घनमीटर, जनरेटरचं डिझेल २,२०० लिटर. हे ५७९ कुठून आले, विचारलं तर म्हणे "सॉफ्टवेअरमधून". सही मला करायचीय. काय बघू?

दांडियाबाजार_७७
सही करून मोकळे व्हा हो. कोण बघतंय!

मोजणीताई
पार्टी बघते, आणि तिचा व्हेरिफायर, म्हणजे रिपोर्ट तपासणारा, त्याहून बारीक बघतो. मी एनर्जी ऑडिट करते, म्हणून सांगते. फॅक्टर (एका युनिट किंवा लिटरमागे किती कार्बन डायऑक्साइड, तो आकडा) नंतर बघा, आधी बिलांची फाईल काढा.

वीज आणि डिझेल मी मांडून पाहिलं. विजेला ०.७२७ किलो प्रति युनिट लावलंय, तो केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा आकडा. ३०५ टन. डिझेल लिटरला २.६८ किलो, म्हणजे ६ टन. उरले २६८, ते गॅसचे. इथेच मला शंका आहे. गॅसच्या बिलावर कॅलरी छापलेली असते, ती किती आहे?

भट्टीवाला_मकरपुरा
घनमीटरला ९,५०० किलोकॅलरी, पुढे जीसीव्ही लिहिलंय.

मोजणीताई
सापडलं! जीसीव्ही म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णता धरून. आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) ५६.१ किलो प्रति गीगाज्यूल हा फॅक्टर ती वाफ सोडून, म्हणजे एनसीव्हीवर बसवलेला आहे. नैसर्गिक वायूत दोघांत साधारण १० टक्क्यांचा फरक पडतो. तुमच्याकडे ९,५०० ला थेट ५६.१ ने गुणलंय. नीट केलं तर २६८ चे २४१ होतात.

निवृत्त_इलेक्ट्रिकल
छपरावर सोलर आहे का? असेल तर ४,२०,००० हे बिलाचे निव्वळ युनिट नाहीत ना, ते बघा. रविवारी भट्टी बंद असताना ग्रीडला दिलेले युनिट त्यातून वजा होतात. विजेच्या हिशोबात मात्र ग्रीडकडून घेतलेले सगळे युनिट धरायचे, दिलेले वजा करायचे नाहीत.

भट्टीवाला_मकरपुरा
काका, बारा बिलं घेऊन बसलो. घेतलेले ४,३१,००० निघाले. म्हणजे एकीकडे २७ टन उतरले आणि दुसरीकडे ८ चढले 😐

मोजणीताई
चढले ते लपवू नका. उलट असा रिपोर्ट बघणाऱ्याला पटतो.

आता जे रिपोर्टमध्ये नाहीच ते. कार्ब्युरायझिंगला (पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवायला) भट्टीत मिथेनॉल सोडता ना? शेवटी तो जळतोच, किलोला १.३७५ किलो कार्बन डायऑक्साइड. तुमच्या तिन्ही नोंदींत त्याचं नाव नाही. पॅनेल रूमच्या एसीत गॅस भरला असेल तर तेही लिहा. आर-४१०ए या एसीच्या गॅसचा एक किलो गळला तर साधारण दोन टनांची भर.

आणि पार्टीला एक प्रश्न विचारा: हे सीबॅमसाठी, म्हणजे युरोपच्या आयात मालावरच्या कार्बन शुल्कासाठी, आहे का? तिथे बोल्टच्या तारेतलं पोलादच सगळ्यात भारी पडतं, आणि तो आकडा पोलाद बनवणाऱ्याकडून आणायचा असतो, तुमच्याकडून नाही. पोलादाच्या मालात विजेचा हिशोबही तिथे धरत नाहीत. विजेच्या टनांवर भांडत बसाल आणि त्यांना ते नकोच असेल!

दांडियाबाजार_७७
ताई, माझं पहिलं वाक्य मागे घेतो. आमच्याकडेही असा एक रिपोर्ट पडलाय 🙏

भट्टीवाला_मकरपुरा
ताई, काका, तुम्हाला माझ्याकडून सेव-उसळ. मिथेनॉलची चलनं सापडली, अकाउंटंटने 'केमिकल' या खात्यात टाकली होती. डिझेलचं मात्र आमच्याकडे नुसतं खरेदीचं बिल आहे. मार्चअखेर टाकीत किती शिल्लक होतं ते वॉचमनच्या वहीत आहे, आणि तो गावाला गेलाय. सोमवारी येईल.

निवृत्त_इलेक्ट्रिकल
सुरुवातीची शिल्लकही बघा. आणि वहीचा फोटो काढून ठेवा, सोमवारीच.