घराचा क्रमांक रात्री रस्त्यावरून वाचता येतो का?

मंडळातील सर्वांना सस्नेह नमस्कार.

गेल्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास माझ्या सासूबाईंना घेरी आली म्हणून आम्ही ९११ला फोन केला. रुग्णवाहिका लवकरच गल्लीत शिरली, पण आमच्या दारावरून पुढे निघून गेली, वळून परत आली आणि पुन्हा चुकीच्या घरापुढे थांबली. शेवटी आमचे हे मोबाइलचा दिवा हलवत रस्त्यावर धावले. सासूबाई आता ठीक आहेत. मात्र दोष पूर्णपणे आमचा होता. तपकिरी विटांवर पितळी आकडे, त्यांच्यापुढे दिवाळीपासून उतरवायचा राहिलेला आकाशकंदील आणि दाराशेजारी पुण्याहून कौतुकाने आणलेली '१४७' अशी देवनागरी पाटी. आपला १ इथल्या माणसाला नऊसारखा, ४ आठासारखा आणि ७ सहासारखा दिसतो, म्हणजे पाटी नीट दिसली असती तर आमचे घर ९८६ ठरले असते!

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत आधारभूत असलेल्या आंतरराष्ट्रीय निवासी बांधकाम संहितेनुसार आकडे इंग्रजी, किमान ४ इंच उंच, अर्धा इंच जाड रेघेचे, भिंतीच्या रंगाहून स्पष्ट उठून दिसणारे आणि समोरच्या रस्त्यावरून वाचता येणारे असावे लागतात. क्रमांक अक्षरांत लिहिलेला चालत नाही, मग तो कितीही वळणदार असो. आपण सर्वांनी एकदा अंधार पडल्यावर रस्त्यापलीकडे उभे राहून आपलेच घर पाहावे, अशी विनंती आहे.

आपली,
१४७ क्रमांकवाली

*

ताई, सासूबाईंना बरे आहे हे वाचून हायसे वाटले. तरीही एक शंका विचारतो. आमच्या टाउनहाउस संकुलात दाराचे आकडे बदलायला घरमालक संघटनेची परवानगी लागते, पत्रपेटीवर क्रमांक आहेच, आणि मोबाइलवरून ९११ला ठिकाण आपोआप कळते. मग हा खटाटोप खरोखर आवश्यक आहे का?

एक जुना सभासद

*

काका, नमस्कार.

ठिकाण कळते, पण दार कळत नाही. संघीय दळणवळण आयोगाने मोबाइल कंपन्यांना घालून दिलेले ठिकाणाच्या अचूकतेचे (आडव्या अंतराचे) मापच ५० मीटरचे आहे, तेही ८० टक्के कॉलपुरते. तुमच्या रांगेत तेवढ्या अंतरात सहा-सात दारे सहज बसतील. पत्रपेटीवरचा क्रमांक बहुधा एकाच बाजूला असतो, त्यामुळे गाडी उलट दिशेने आली की तो दिसत नाही, आणि बर्फ काढणारी गाडी येऊन गेल्यावर तर पेटीच शोधावी लागते. पदपथाच्या कडेला रंगवलेल्या क्रमांकाचेही तेच: समोर मोटार उभी केली की संपले. परवानगीसाठी अर्ज करताना संहितेतील तो भाग सोबत जोडावा.

आम्ही काळ्या पट्टीवर ५ इंची पांढरे आकडे बसवले आणि वर लहानसा दिवा लावला. नंतर ह्यांनी रात्री दोन्ही दिशांनी गाडी आणून पाहिली, तेव्हा एका बाजूने अंगणातले झुडूप आड येते हे लक्षात आले; ते शनिवारी छाटले. ज्यांचे घर रस्त्यापासून आत आहे त्यांनी वाटेच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंना आकडे असलेली, प्रकाश परावर्तित करणारी हिरवी पाटी रोवावी. अनेक गावांत स्वयंसेवी अग्निशमन दलच ती विकते. देवनागरी पाटी आता आत, देवघराशेजारी आहे.