दाराला लॅच अन् कडी, फोनला १२३४

दुपारचा चहा:
आमच्या सोसायटीत प्रत्येक घराला सेफ्टी डोअर, आत लॅच, शिवाय वरची कडी. फोनचा पिन मात्र १२३४, नाहीतर जन्मसाल. क्लबहाउसच्या वायफायचा पासवर्ड तर नोटीस बोर्डावर, पाणी बंदच्या सूचनेशेजारी. गेल्या शनिवारी सायबर सुरक्षेवर व्याख्यान ठेवलं. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारे काका अर्ध्या तासात जिन्यात उभे राहून फोनवर कुणाला तरी आकडे वाचून दाखवत होते! ‘माहिती नव्हती’ हे कारण आता चालणार नाही. मध्यंतरी फोन लागायच्या आधी अमिताभ बच्चन रोज हेच तर सांगत होते. कळतं पण वळत नाही, दुसरं काय. निष्काळजीपणा आहे हा.

रा. रा. वैतागलेले:
काका कुणाला सांगत होते, विचारलंत का? गॅस सिलिंडर घेताना कोड सांगावा लागतो. ॲपवरून रिक्षा बोलावली, सांगा. कुरिअर आलं, सांगा. दिवसातून तीनदा अनोळखी माणसाला आकडे सांगायची सवय लावायची आणि चौथ्याला सांगितले की माणूस बावळट!

दुपारचा चहा:
कोड कशासाठी आहे ते मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. वाचायला किती वेळ लागतो?

सर्व्हर डाउन:
मी ऑफिसात आयटी सांभाळतो. आमच्याकडे दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती होती. लोकांनी काय केलं? गणपती१, गणपती२... एकाचा गणपती१४ पर्यंत पोचला होता. (मला कसं कळलं? कीबोर्डखाली चिठ्ठी होती.) असले नियम ज्यांच्या २००३ च्या मसुद्यातून पसरले, त्या अमेरिकेतल्या, तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या ‘निस्ट’ संस्थेच्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये जाहीरपणे चूक कबूल केली. त्याच वर्षी निस्टनेही सांगितलं की, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. मायक्रोसॉफ्टमधल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्येच मांडलं होतं की सल्ला धुडकावणारा माणूस आळशी नसतो, तो हिशेब करतो. त्रास रोजचा, फायदा डोळ्यांना दिसतच नाही.

दुपारचा चहा:
हा हिशेब सरासरीचा झाला. माझ्या मावशीचे चार लाख सरासरीने नाही गेले, अख्खे गेले. हेल्मेटचंही तेच आहे की. रोज त्रास, फायदा दिसत नाही. म्हणून घालायचं नाही? (पुण्यात हे विचारू नये, मान्य.)

निवृत्त कॅशियर:
बँकेत ३१ वर्षं काढली. तुम्ही आळसावर भांडताय, पण काउंटरवर मला भीतीच जास्त दिसली. एक निवृत्त शिक्षिका एफडी मोडायला आल्या, हात थरथरत होते. कशासाठी विचारलं तर म्हणाल्या, भाच्याचं लग्न. नंतर कळलं, पोलिसाच्या वेषातला कुणीतरी सकाळपासून व्हिडिओ कॉलवर होता आणि बँकेत काय सांगायचं हेही त्यानेच पढवलं होतं. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, असं कायद्यात काही नसतं, हे बाईंनी पेपरात वाचलेलं होतं. ऐन वेळी आठवलं नाही.

पुढचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पैसे खात्याखात्यांतून पुढे जायच्या आत गोठवले जाण्याची शक्यता असते. तुम्हाला न विचारता परस्पर व्यवहार झाला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, हलगर्जी ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान तिनेच सोसायचं. म्हणजे इथे तासाला किंमत आहे. आणि बाई दोन दिवस गप्प होत्या. का, तर मुलगा ओरडेल.

चहावाले, तुमच्या मावशींनी किती दिवसांनी सांगितलं?

दुपारचा चहा:
आठवड्याने. आणि हो, मी ओरडलो होतो.

तरी १२३४ ला माझ्याकडून माफी नाही.

रा. रा. वैतागलेले:
आणि काका?

दुपारचा चहा:
विचारलं. गॅसचाच कोड होता. वायफायचा पासवर्ड मात्र अजून बोर्डावरच आहे. सेक्रेटरी म्हणतात, काढला तर सगळे मलाच फोन करतील.