मदत हवी आहे: कोरियातल्या शाळेत इंग्रजीचं रटाळ पुस्तक रंगवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मार्चपासून (इकडे शाळेचं वर्ष मार्चमध्येच सुरू होतं) देगूजवळच्या एका सरकारी शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवतेय. सोबत कोरियन को-टीचर असतात, फार चांगल्या आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. अडचण पुस्तकाची आहे. आठवड्याला ३ तास, एक तास ४० मिनिटांचा, आणि प्रत्येक धड्याचा साचा तोच, स्क्रीनवर कार्टून बघा, ऐका, मागून म्हणा, मग चाल लावलेली चार वाक्यं, मग वाचन, आणि सगळं दोन-तीन वाक्यांभोवतीच फिरत राहतं. "व्हॉट टाइम डू यू गेट अप?" "आय गेट अप ॲट सेवन." २४ पोरं पाढे म्हटल्यासारखी एका सुरात म्हणतात, लक्ष भलतीकडेच. पानं गाळताही येत नाहीत, सगळ्या तुकड्यांचा धडा एकाच वेळी संपवायचा असतो.

खरी गोची पुढेच आहे. शाळेत इंग्रजी तिसरीपासून, पण बरीच मुलं हॅगवॉनला, म्हणजे आपल्याकडच्या क्लासला, कधीपासून जातात, त्यांना हे पुस्तक बाळबोध वाटतं. आणि मागच्या बाकावर दोघं-तिघं अशी की बी आणि डी मध्ये अजून गोंधळ, चुकेल या भीतीने तोंडच उघडत नाहीत. त्यांच्याकडे बघून जीव तुटतो हो.

एकदाच झकास जमलं. किमतीचा धडा होता. पुस्तकातली टोपी-छत्री बाजूला ठेवली, बाकं जोडून तोकबोकी आणि किंबापची (इकडचे खाण्याचे पदार्थ) दुकानं मांडली, कागदाच्या हजार-हजार वॉनच्या नोटा केल्या. वाक्य पुस्तकातलंच, "हाऊ मच इज इट?", पण कधीच न बोलणाऱ्या त्या मागच्या मुलीने किंमत ऐकली, "टू एक्स्पेन्सिव्ह!" म्हणाली आणि सरळ पाठ फिरवून निघाली, आणि दुकानदार पोरगा "ओके ओके, टू थाउजंड!" करत तिच्या मागे!! मला वाटतं समोरचा काय बोलणार हे दोघांनाही माहीत नव्हतं म्हणून ते रंगलं.

पण उठायच्या-झोपायच्या धड्यात हे कसं आणायचं? एकमेकांना विचारून तक्ता भरा म्हटलं तर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून मोकळे. खेळ घेतला की काविबाविबो (आपलं दगड-कागद-कात्री) तेवढं जोरात चालतं, इंग्रजी राहतं बाजूला. कुणी अशा मिश्र वर्गाला शिकवलंय का? प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, आमच्याकडे २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं. जोड्या लावा. एकाच माणसाचा दिवस दोन कागदांवर अर्धा-अर्धा वाटा, आणि माणूस रात्रपाळीचा घ्या, संध्याकाळी ६ ला उठणारा, म्हणजे अंदाजाने उत्तर येणारच नाही. वेळांचा कागद कच्च्या मुलाकडे द्या, त्याला फक्त आकडा सांगायचाय, पण त्याच्याशिवाय हुशार मुलाचं अडतं. प्रश्न विचारणं आणि शेवटी पाच वाक्यं लिहिणं हुशार मुलाकडे. मध्ये दप्तर उभं ठेवायला सांगा, नाहीतर परत डोकावतात.

धागाकर्ती:
सर, दप्तराचं सुचलंच नव्हतं! सोमवारी सहावीला करते आणि इथेच लिहिते काय झालं ते.